शेठचा मांडव उतरेना

उंबरखारच्या कौसल्या धवलारणीनं आयुष्यात शेकडो लग्नं गाजवली, पण भिवंडी तालुक्यात तिचं नाव निघतं ते एका निवडणुकीमुळे. नव्वद सालच्या विधानसभेला ती उभी होती. निवडून आली नाही, डिपॉझिटही गेलं. तरी त्या निवडणुकीत जिंकलं कोण असं विचारलं, तर खाडीकाठची जुनी माणसं अजून तिच्याच घराकडे बोट दाखवतात.

आमच्याकडच्या आगरी गावांत लग्नाला भट लागतो, पण तो नंतर. आधी लागते धवलारीण. मांडव उभा राहिला की ती पाटावर बसते आणि धवले गाऊन पाहुणे बोलावते. हे पाहुणे पत्रिका घेऊन येणारे नव्हेत. गावदेवी, खाडीवरचे देव, आणि त्या घरातले मेलेले बापजादे, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येकाला मांडवात जागा द्यायची, पुढ्यात पानसुपारी ठेवायची. लग्न पार पडलं की ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं गाऊन त्यांना निरोप द्यायचा, आणि मगच मांडव उतरवायचा. बोलावलं एकीनं आणि निरोप दिला दुसरीनं, असं चालत नाही. जिवंत पाहुणा न सांगता उठून गेला तरी यजमानाला चुटपुट लागते, मेलेल्यांची तर गोष्टच सोडा.

कौसल्या बुटकी, रुंद बांध्याची. पान खाऊन ओठ कायम लाल. आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या होडीवाल्यानं वल्हं थांबवावं, आणि जीभ त्याहून तिखट. एखादी विहीण दागिन्यांनी वाकायला आली असली की कौसल्या गाण्यातच विचारायची, "विहीनबाय, तू सोन्यानं मढलीस, पन पोराला सदरा कोनाचा घातलास?" सगळा मांडव हसायचा. विहिणीलाही हसावं लागायचं, कारण पाटावर बसलेल्या धवलारणीवर रागवायची सोय नाही.

घरात मात्र तिला दाद द्यायला कुणी नव्हतं. नवरा काळूराम दिवसातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन बैलांशी. त्याच्याकडून पाचवं वाक्य काढलं ते उघाडीनं.

उंबरखार हे मानकोलीच्या पुढचं, खाडीला टेकलेलं गाव. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधात लाकडी झडपेचं दार, त्यालाच उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की तिच्यातून शेतातलं पाणी बाहेर काढायचं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. एका उधाणात ती झडप मोडून वाहून गेली. त्यानंतर भरती आली की खाडी सरळ शेतात शिरायची आणि मीठ ठेवून परत जायची. लागोपाठ दोन पावसाळे भात पिवळा पडून बसला. गावातली तरणी पोरं भिवंडी शहरात निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटी करायला लागली. आणि याच सुमारास गावच्या केसरीनाथशेठना खारावलेल्या जमिनीची दया येऊ लागली.

केसरीनाथशेठ गावचेच. वीटभट्ट्या झाल्या, ट्रक झाले, आता हमरस्त्याच्या बाजूनं गोदामं बांधायचा बेत होता. "मीठ चढलेली जमीन कोन घेतो? गावचा मानूस म्हनून मी घेतो," असं म्हणत ते घरोघर फिरत. गोदामाला जमीन खारट की गोड याच्याशी काही देणंघेणं नसतं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

काळूरामचं पाचवं वाक्य होतं, "देऊन टाकू शेठला."

ते शेत उघाडीच्या अगदी मागचं. कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला घर दाखवायच्या आधी ते शेत दाखवलं होतं. ती म्हणाली, "यंदाचा एक पाऊस थांब. त्याच्या आत उघाडी जाली तर आपन लावनी करू. न्हाय जाली तर तू अंगठा दे, मी अडवनार न्हाय."

काळूरामनं मान डोलावली. त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं संपलं होतं.

मग कौसल्यानं कचेऱ्या केल्या. एका साहेबानं सांगितलं की बांध आमचा पण उघाडी आमची नाही. दुसऱ्यानं सांगितलं की उघाडी आमची आहे, पण पाणी त्यांचं. तिसरा चहाला गेला होता, तो आला तेव्हा ती परतीच्या एसटीत बसली होती.

त्या एसटीत तिला वाल्मीक भेटला. वाल्मीक उंबरखारच्या बौद्धवाड्यातला, निजामपुऱ्यात पाट्या रंगवायचं त्याचं दुकान. निवडणुका जाहीर झाल्या की त्याची दिवाळी. सगळ्या पक्षांच्या भिंती तोच रंगवायचा, त्यामुळे कुणाचं काय शिजतंय हे त्याला कायम ठाऊक. त्यानं कौसल्याची कर्मकहाणी ऐकून घेतली आणि म्हणाला, "कौसल्याबाय, तू विधानसभेला उभी रहा."

"मी? अरं, तुझं डोकं फिरलंय काय?"

"निवडून यायला कोन सांगतंय? बसायला उभी रहा."

मग वाल्मीकनं तिला राजकारणाची बाराखडी शिकवली. केसरीनाथशेठ यंदा विधानसभेला उभे आहेत. शहरातल्या मतांवर त्यांची भिस्त नाही, त्यांची सगळी मदार खाडीकाठच्या गावांवर. त्या गावांत कौसल्या जिच्या लग्नात गायली नाही अशी सून नाही. ती उभी राहिली तर खाणार कुणाची मतं? शेठचीच. मग शेठ येणार तिला बसवायला, म्हणजे अर्ज मागं घ्यायला लावायला. "लोक बसायचं काय काय मागतात, तुला ठाव न्हाय," वाल्मीक म्हणाला. "तू उघाडी माग. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाय."

कौसल्यानं खिडकीबाहेर पिंक टाकली आणि गाव येईपर्यंत हसत बसली. अर्ज भरला गेला.

शेठ आधी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावोगावच्या बायकांचा अंदाज घेतला आणि हसायचे थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांची जीप कौसल्याच्या अंगणात उभी होती.

"कौसल्याबाय, हे काय खूळ काढलंस? राजकारन म्हंजे काय धवले गानं हाय?"

"न्हाय रे केसरी. धवल्यात खोटं बोलून चालत न्हाय."

ती त्याला केसरी म्हणायची. त्याच्या लग्नात तिनंच गायलं होतं आणि भर मांडवात त्याच्या मिशीवर कडवं रचलं होतं, तेव्हापासून तिच्यासमोर त्याची शेठगिरी जरा सैल पडायची. शेवटी सौदा ठरला. तिनं अर्ज मागं घ्यायचा, आणि पावसाआधी उघाडी नवी करून द्यायची ती शेठनं. गावदेवीची आण घेतली गेली.

एकच अडचण होती. अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशीच शेठच्या मुलीच्या लग्नाचा मांडव होता. मुहूर्त निवडणुकीच्या आधीपासून धरलेला, आणि धवलारीण अर्थातच कौसल्या.

"त्यात काय?" शेठ म्हणाले. "सकाळी देव बोलाव, दुपारी मोकली होशील. आमचा रामनाथ जीप घेऊन उभा राहील. तीन वाजेपर्यंत कचेरी उघडी असते."

शेठनी हिशेब बरोबर केला होता, फक्त त्यात आपली आई धरली नव्हती.

धोंडूबाई, केसरीनाथची आई, सत्तरी उलटलेली. नातीच्या लग्नाला आपल्या घराण्यातलं एकही माणूस वगळायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. मांडवाच्या दिवशी कौसल्या पाटावर बसली. समोर शेठ आणि शेठाणी, हातात हळदीनं माखलेला नारळ, उठायची परवानगी नाही. कौसल्यानं सूर लावला.

"मांडव घातला दारी गो, पयलं आवतन कोनाला?
पयलं आवतन गावदेवीला, मग दाजी बापाला."

दाजी म्हणजे शेठचे वडील. त्यांना दाराच्या उजव्या खांबाशी बसवलं, पानसुपारी ठेवली. मग आजा, पणजा, त्यांच्या बायका. एकेक खांब भरत गेला. ऊन डोक्यावर आलं तशी कौसल्या शेवटाकडे वळली, तेवढ्यात धोंडूबाई ओरडली, "आनि आत्याबाय? आत्याबाय रायल्या ना!"

"आय, त्यांना सासरी दिलं होतं," शेठ दबक्या आवाजात म्हणाले.

"दिलं होतं, पन रुसून आल्या आनि इथंच मेल्या. बोलाव गो."

आत्याबाई आल्या. त्यांच्यामागून त्यांच्या दोन जावा आल्या, कारण एकटीला बोलावलं तर भांडणं झाली असती. मग धोंडूबाईला एक चुलत सासरे आठवले.

"आय, त्यानं आपल्यावर केस घातली होती!" शेठचा आवाज चढला.

"केस मिटली. आता मेलाय तो. बसूं दे एका बाजूला."

मांडवाच्या तोंडाशी जीपचा ड्रायव्हर रामनाथ मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. शेठ डोळ्यांनी कौसल्याला खुणावत होते की आवर, आवर. लोक म्हणतात की कौसल्यानं मुद्दाम चालढकल केली. ते खरं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकेक पूर्वज मांडवात येत होता तसतशी तिची उघाडी लांब जात होती. पण धवला मध्येच तोडायचा नसतो. तोडला तर नवरी माघारी येते असं सगळे मानतात, आणि ज्या घरचं मीठ खाल्लं तिथल्या पोरीचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. ती गात राहिली.

शेवटचा पूर्वज बसला तेव्हा रामनाथनं तिला जवळजवळ उचलूनच जीपमध्ये टाकलं. हात हळदीचे, तोंडात पान नाही. अंजूर फाट्यावर कापडाचे तागे भरलेल्या ट्रकांची ही रांग! कचेरीत पोचले तेव्हा साहेब टेबल आवरत होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिला हात जोडले.

"बाई, वेळ संपली. आता तुम्ही उमेदवार."

वाल्मीक बाहेर पायरीवर बसला होता. त्याला हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं.

शेठच्या मांडवात मात्र वणवा पेटला. "मुद्दाम केलंस तू!"

"तुझ्या आयनं नावं काढली, मी गायली. मना काय हौस होती?"

"ते मना सांगू नको. अर्ज मागं न्हाय, तर उघाडी पन न्हाय. सौदा मोडला. गावदेवीची आन पन त्याच्यासंगं मोडली."

कौसल्यानं हळदीचे हात धुतले आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी लग्नात आली, सगळे धवले मनापासून गायली, नवरीला पोटाशी धरून रडली आणि घरी गेली. तिला वाटलं होतं की आता काळूरामला सांगून टाकावं, दे अंगठा. ओटीवर बसून तिनं पान लावायला घेतलं. चुना लावता लावता हात थांबला. तिच्या लक्षात आलं की शेठच्या मांडवात बसलेल्या पाहुण्यांना अजून कुणी निरोप दिलेला नाही.

तिनं पान तोंडात घातलं. बऱ्याच वेळानं काळूरामनं विचारलं, "एकटी कशाला हसतेस?"

मांडव उतरवायच्या दिवशी शेठच्या घरून बोलावणं आलं. कौसल्या गळ्याला फडकं गुंडाळून बसली होती. अगदी बारीक आवाजात ती निरोप्याला म्हणाली, "शेठला सांग, घसा बसलाय. उघाडी बसली की घसा सुटंल."

शेठ म्हणाले, गेली उडत. त्यांनी मांडववाल्याला बोलावलं. त्याच्या माणसांनी शिडी आणून मांडवाला टेकवली, तोच आतून धोंडूबाई काठी घेऊन बाहेर आली. "खबरदार! वरती पाय ठेवाल तर तंगडी मोडीन. मानसं बसलीत आतमदी." मांडववाले पळाले ते शिडी तिथंच टाकून.

शेठनी दुसरी धवलारीण शोधली. आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्यांनी कानाला हात लावले. शेवटी गणेशपुरीकडची एक म्हातारी जीपनं आणवली. ती आली, पोटभर जेवली, मग तिनं विचारलं की देव कोणी बोलावले. कौसल्यानं, असं कळल्यावर तिनं पान घेतलं आणि रामनाथला म्हणाली, "चल बाबा, सोड मना घरी."

इकडे निशाण्या वाटल्या गेल्या. अपक्षाला यादीतलं चिन्ह मागता येतं. वाल्मीकनं शेठच्या दारावरून जाताना काय पाहायचं ते पाहून घेतलं होतं. कौसल्याबाईंची निशाणी ठरली शिडी. त्यानं भिंती रंगवायची तसदीही घेतली नाही. लग्नसराई होती, ज्या घरी मांडव त्या घरी शिडी. आणि सगळ्यांत मोठी शिडी उभी होती ती खुद्द केसरीनाथशेठच्या दारात. ती हलवायला कुणी पुढं झालं की धोंडूबाई काठी उचलायची.

लोक वाट वाकडी करून शेठचा मांडव बघायला यायचे. आंब्याचे टहाळे वाळून खडखडायला लागले होते. निजामपुऱ्यातला एक लूमवाला वाल्मीकला म्हणाला, "ये सीढ़ीवाली है कौन?" वाल्मीक म्हणाला, "शादी करानेवाली. बाराती बिठा दिए हैं, उठाती नहीं." ही गोष्ट शहरभर झाली.

कौसल्या प्रचाराला कुठंच गेली नाही. लग्नांत गात राहिली, आणि पाटावर बसून मताचा एक शब्द काढला नाही, तो धवल्याचा नियम. घसा फक्त शेठच्या नावानं बसलेला होता. शेठ मात्र जिथं जातील तिथं भाषणाच्या आधी कुणीतरी म्हातारा काळजीनं विचारायचा, "शेठ, वडील बसलेत का अजून? जेवनखान काय?" हसू दाबलेल्या सभेत भाषण कसं करायचं हे शेठना कुणी शिकवलं नव्हतं.

घरी त्याहून वाईट. धोंडूबाई रोज पाहुण्यांचं ताट वाढायची. सकाळी चहाची बशी दाराच्या उजव्या खांबाशी ठेवायची आणि तिथंच बसून दाजींशी बोलायची. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, त्यामुळे सगळं बोलणं 'अहो' पासून सुरू. भाताचा भाव, नातीचं सासर, गुडघ्याचं दुखणं. जाता येता शेठच्या कानावर पडायचं.

एका संध्याकाळी शेठ सभेवरून चिडून आले आणि चप्पल न काढता मांडवातून आत निघाले. धोंडूबाई खांबाकडे तोंड करून म्हणाली, "अहो, बघा. तुमचा लेक. बांधावर मातीची पयली पाटी तुमची असायची. अमावास्येला बांध भरायला गावातलं घरटी एक मानूस यायचं, पन तुमी पाटी टाकल्याबिगर कोन हात लावत नव्हतं. ह्याला आता तो बांध नको, खाली गोदामं पायजेत. तुमीच बोला, माझं ऐकत न्हाय."

शेठ उभेच राहिले. मेलेला बाप बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोदामावरचे गवंडी आणि सुतार उंबरखारच्या बांधावर उतरले. दगड आला, सिमेंट आलं, सागवानी फळ्यांची झडप आली. ज्या खात्याची उघाडी नव्हती त्या खात्याचे साहेब काम संपता संपता आले आणि झडपेशेजारी उभं राहून फोटो काढून गेले. पहिली मोठी भरती आली तेव्हा सगळं गाव बांधावर जमलं. पाणी झडपेला येऊन टेकलं, चढलं, आणि बाहेरच राहिलं. कौसल्या वाकून आतल्या बाजूची कोरडी माती बघत होती. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि डोळे पुसले. काळूराम म्हणाला, "दोन पावसात धुवंल मीठ." त्याच्याकडून ते भाषणच झालं.

गळ्याचं फडकं सुटलं. ठरल्या दिवशी कौसल्या शेठच्या मांडवात पाटावर बसली, आणि निरोपाचा धवला लावणार तोच धोंडूबाई तिच्या कानाशी वाकली. शेठ लांब, मांडववाल्यांशी बोलत होते.

"कौसल्या, एक ऐकशील? सगल्यांना पाठव. ह्यांना नको."

"म्हंजे?"

"दाराशी बसतात. बोलाला बरं पडतं गो." म्हातारीनं पदराचं टोक चावलं. "सतरा वरसं कोन न्हवतं."

कौसल्या आयुष्यात कधी अडखळली नव्हती, ती तेव्हा अडखळली. आपण ज्यांना शेठचं नाक दाबायला बसवून ठेवलं, त्यांच्यापैकी एकाबरोबर ही म्हातारी रोज चहा घेत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं. तिनं सूर लावला. देव उठले, आजे पणजे उठले, आत्याबाई जावांसकट उठल्या, केस घालणारे चुलत सासरे उठले. दाजींचं नाव तिनं घेतलंच नाही.

मांडववाले शिडीवर चढले. भराभर सगळं उतरलं. उजव्या खांबाला हात लावायला गेले तशी धोंडूबाईची काठी पुन्हा आडवी आली.

"हा कशाला ठेवायचा?" शेठनी विचारलं.

"धवलारनीला विचार," धोंडूबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

कौसल्यानं सावकाश पान लावलं, सावकाश तोंडात घातलं. "राहूं दे केसरी. एक पावना बसलाय अजून."

शेठनी मांडववाल्यांना हातानंच मागं सारलं. त्यांना वाटलं, हिनं बाप गहाण ठेवून घेतला. उघाडी मोडली की ही पुन्हा घसा धरणार. चोराच्या मनात चांदणं. कौसल्याच्या जिभेवर खरं आलं होतं, पण तिनं ते पानाबरोबर चघळलं आणि गिळून टाकलं.

निवडणुकीत निवडून आला तिसराच, शहरातला. शेठ दुसरे आले, कौसल्या बरीच खाली, पण अगदी शेवटी नव्हे. शिडीनं आपली मतं खाल्ली असं शेठ वर्षभर सांगत होते. कौसल्यानं स्वतः शिक्का मारला तो शेठच्या निशाणीवर. "काम केलान, त्याचं मत त्याला," असं तिनं काळूरामला सांगितलं. काळूरामनं शिडीवर मारला होता. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस तीही फारशी बोलली नाही.

पुढच्या वर्षांत मानकोलीच्या बाजूला गोदामांवर गोदामं उठली, शेठचीही उठली. उंबरखारचा भात मात्र राहिला. दर वर्षी पावसाच्या तोंडावर शेठची माणसं न सांगता बांधावर यायची, झडपेला तेल द्यायची, फळी कुजली असेल तर बदलायची. पंच्याण्णव साली शेठ पुन्हा उभे राहिले तेव्हा अर्ज भरायच्या आधी स्वतः उघाडी बघून आले आणि घरी जाऊन खांबाला हात लावला. त्या खेपेलाही पडले, ही गोष्ट वेगळी. आणि कौसल्या वाटेत भेटली की विचारायची, "पावना बरा हाय ना?" शेठ घाईघाईनं म्हणायचे, "बरा हाय, बरा हाय."

सत्त्याण्णव साली धोंडूबाई गेली. शेवटपर्यंत सकाळची बशी खांबाशी जात होती. तेरावं झाल्यावर कौसल्या शेठच्या दारी आली. धवलारीण सुतकातल्या घरी येत नाही, म्हणून ती तेवढे दिवस थांबली होती. खांब आता काळपट पडला होता, बुंध्याला वाळवीची वाट दिसत होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि लग्नाचाच निरोपाचा धवला, पण अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा गायली. दाजींचं नाव घेतलं. त्याच्यापुढं धोंडूबाईचं नाव जोडलं. दोघांना एकत्र वाटेला लावून ती उठली.

शेठ दारात उभे होते. त्यांचेही केस आता पिकले होते.

"काढ आता खांब," कौसल्या म्हणाली. "कोन बसलं न्हाय."

"एवढी वरसं बापाला अडकवून ठेवलंस माझ्या," शेठ म्हणाले. रागानं नव्हे, थकून.

"मी न्हाय केसरी. तुझ्या आयनं मागून घेतला होता. दाराशी बोलाला कोन पायजे, म्हनाली."

शेठना कळायला वेळ लागला. मग ते खांबाकडे बघत राहिले. या खांबाच्या भीतीनं त्यांनी दर वर्षी झडपेला तेल घातलं होतं, आणि त्याच खांबाशी आई रोज कुणाशी आणि का बोलते हे एकदाही विचारलं नव्हतं. ते ओटीवर बसले आणि पोरासारखे रडले. कौसल्या त्यांच्या शेजारी बसली. तिला म्हणायचं होतं की चुकलं माझं, तेव्हाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर उघाडीला तेल घातलं असतंस काय रे?"

शेठनी रडता रडता मान हलवली. नसतंच घातलं.

"मग आता?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"आता काय? तुला कोन अडवायला बसलं न्हाय. घाल न्हायतर नको घालू."

त्या वर्षी पाऊस जवळ आला तरी बांधावर शेठची माणसं दिसली नाहीत. काळूराम रोज जाऊन बघून यायचा. अमावास्येच्या सकाळी मात्र तो लवकर परतला. कौसल्या चुलीपाशी होती.

"चल," तो म्हणाला. "शेठ आलाय. एकटाच. डोक्यावर पाटी हाय मातीची."

कौसल्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, कोपऱ्यातली आपली पाटी उचलली आणि त्याच्या मागोमाग बांधाकडे निघाली.